मागच्या दाराचा ओटा

परवा एक नवं जोडपं दुकानात आलं. गच्चीवर डेक करायचा म्हणत होते. डेक म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा ओटा. आता सगळे त्याला डेकच म्हणतात. कॅटलॉग चाळला, दोन रंग बाजूला काढले, सासूला फोटो पाठवला आणि चहा संपायच्या आत त्यांचं ठरलंसुद्धा. मी माल काढायला सांगितला आणि मला उमरकर काकाजी आठवले. त्यांनाही ओटाच करायचा होता. मागच्या दाराबाहेर, दोन खाटा मावतील एवढा. त्यात त्यांचे दोन उन्हाळे गेले.

अकोल्यात जठारपेठेत आमचं फरशीचं दुकान आहे आणि काकाजींचं घर मागच्या गल्लीत होतं. फरशी घ्यायला आलेली माणसं कशी बघतात हे मला पाठ आहे. पुरुष आधी भाव विचारतात. बाया मळ दिसेल का ते पाहतात. नवीन घर बांधणारे शेजाऱ्याकडे काय बसवलं ते सांगतात आणि त्याहून भारी मागतात. काकाजी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी काहीच विचारलं नाही. दारात चप्पल काढली, कडप्प्याच्या तुकड्यावर डावा पाय ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. मग अंगठ्याने कड घासली, अंगठा नाकाशी नेला. मी विचारलं, उजवा नाही ठेवला? म्हणाले, "तिचा डावाच हाय ना."

ते सरकारी कापूस खरेदीवर ग्रेडर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अंगठे ग्रेडरचेच राहिले होते, बाहेरच्या बाजूला वळलेले आणि नखं मुळापर्यंत कापलेली. गाडी आली की मूठभर कापूस घ्यायचा, सरकी दाताखाली फोडायची, कापूस ओला असला तर ती कुटकन फुटत नाही. मग दोन अंगठ्यांत रुई धरून धागा ओढायचा. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस घरी आला म्हणून वेगळा होत नाही. लग्नाच्या पंगतीत जिलेबीसुद्धा ते दोन बोटांत धरून आधी ओढून बघत. पुढारी, नळाचं पाणी, नवा डॉक्टर, शेजाऱ्याचा जावई, सगळ्यांवर त्यांचा एकच शेरा असे: "कवडी हाय." कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला, डागी कापूस. ज्याला कवडी म्हटलं तो माल त्या ढिगात जात नाही, वेगळा काढतात. काकाजींनी तो शब्द साऱ्या जगाला लावला होता.

शेरा मारताना त्यांच्या आवाजात राग नसे. भांडण नसे. गाडीवाला कितीही ओरडला तरी हे खाली मान घालून पुढच्या गाडीकडे जात, असं त्यांच्याबरोबर काम केलेले लोक सांगायचे. लाच घेतली नाही, ओळख पाहिली नाही. माल नापास केला की केला.

शेवंताकाकू, म्हणजे त्यांची बायको, बाळापूरकडच्या. माहेरी फुलं आणि भाजीपाला करत, एका तुकड्यात थोडा कापूसही. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट त्या मला हसत हसत सांगायच्या. वडलांची कापसाची गाडी नेमकी काकाजींच्या केंद्रावर आली. जावई ग्रेडर म्हणून म्हातारा नवं धोतर नेसून, ऐटीत गाडीवर बसून आला होता. काकाजी पाया पडले, पाणी दिलं, गूळ दिला, आणि गाडी परत लावली. खालच्या थरात कवडी होती.

"बाप वापस गेला, मी नाई गेली," काकू म्हणायच्या. "मले पाहायले आले तवा एकदाच पाह्यलं यायनं. धागा ओढून नाई पाह्यला."

"तवा घरात अंधार होता," काकाजी पेपर खाली न करता म्हणायचे.

काकू बोलघेवड्या, हात सतत मातीत. घरामागे सिमेंटचं आंगण होतं, तिथे शेवंतीच्या कुंड्या, कढीपत्ता, एक लिंबाचं झाड. गल्लीतल्या निम्म्या घरांचे गजरे त्या कुंड्यांवर चालत. मग त्यांना लकवा आला. बोलणं परत आलं, हात परत आला, डावा पाय ओढत चालायलाही त्या शिकल्या. पण त्या पायाची जाण गेली ती गेलीच. चिमटा काढला तरी समजत नसे.

त्या घराचं मागचं आंगण उंबऱ्यापासून चांगलं हातभर खाली होतं. जुन्या घरांतून असतंच तसं, आणि धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी काकाजी झोपले होते. काकू काठी टेकत आंगणात उतरल्या, कुंड्यांना पाणी घातलं आणि परत आल्या. वर कशा चढल्या ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. काकाजी उठले तर घरातल्या पांढऱ्या फरशीवर ओले डाग. त्यांना वाटलं पाणी सांडलं. डागांमागून जात ते काकूंच्या खुर्चीपाशी आले आणि पाय उलटा करून पाहिला. चप्पल केव्हाच आंगणात राहिली होती. तापल्या सिमेंटने तळव्याची कातडी निघाली होती आणि त्या बाई विचारत होत्या, काय पाहून राहिले म्हणून.

जखम भरायला सारा पावसाळा लागला. काकाजींनी त्याच दिवशी मागच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात ठेवली. डॉक्टर म्हणत होते, बाईंना रोज चालवा, मोकळ्यावर आणा, नाहीतर उरलासुरला पायही जाईल. काकू म्हणत होत्या, दार उघडा. काकाजींचं एकच उत्तर होतं: उंबऱ्याच्या बरोबरीने ओटा झाला की उघडतो. तापणार नाही, घसरणार नाही, टोचणार नाही असा ओटा.

बोलणं रास्त होतं. मी त्यांना तुकडे द्यायला लागले. तुकड्यांचे कोण पैसे घेतं? कडप्पा, कोटा, शहाबादी, पार्किंगची खरबरीत टाइल, प्लास्टिकचं गवत, बांबूच्या पट्ट्या, जे येईल ते. काकाजी ते बाजूच्या बोळातून आंगणात नेत, एका ओळीत मांडत आणि भर दुपारी त्यावरून चालत. म्हणजे डाव्या पायाने थांबत थांबत. डोक्याला उपरणं, पायजमा वर खोचलेला. काकू खिडकीतून पाहत आणि मी गेले की मला सांगत, "अग्निपरीक्षा सीतेले नाई करू देल्ली, रामचंद्र सोताच करून राह्यले."

प्रत्येक तुकड्यात दोष निघाला. कडप्पा तव्यासारखा. कोटा पाऊस पडला की शेवाळतो. पार्किंगची टाइल म्हणजे किसणी. प्लास्टिकचं गवत उन्हात सिमेंटपेक्षा जास्त भाजतं. हे मलाही माहीत नव्हतं, मी पाय ठेवून पाहिला आणि काढला. पांढऱ्या टाइलचे तुकडे लावून गच्च्या करतात तसा ओटा कमी तापतो, पण एखादी कड उघडी पडली की कापेल, आणि काकूंना कापलेलं कळणार नाही. बाद झालेले तुकडे घरात कामाला लागले. कडप्प्यावर चटणी वाटली जायची. कोटा माठावर झाकण होता. बांबूची पट्टी खिडकीला अडसर म्हणून होती.

मी म्हटलं, वरून हिरवी जाळी टाका, सावली होईल. ते म्हणाले, शेजारच्या घरची वावटळीत कुठे गेली ते विचारून या. शेजाऱ्याची जाळी खरंच तारेत अडकली होती. मी म्हटलं, मग सकाळी लवकर चालवा. ते म्हणाले, "तिले मन व्हते तवा ते उठते. त्या दिवशी काय मले विचारून उठली? मी झोपेल असन तवाचा ओटा पायजे मले."

सागवानासाठी ते धारणीला जाऊन आले. एकटे, एसटीने, पुढे जीपने. तिथे जुना सोबती होता, त्याच्याकडे मुक्काम केला, आणि कापडी पिशवीत पट्टीचा तुकडा घेऊन आले. आल्याबरोबर तो मला दाखवायला दुकानात. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. लाकूड तापत होतं, पण बाकीच्यांपेक्षा कमी, पायाला सोसेल असं. मी सुताराचा नंबर काढून ठेवला. पंधरवड्याने तुकडा परत आला. उन्हाने कडेला बारीक सल उभा राहिला होता. तो त्यांनी अंगठ्याने मला दाखवला. काकूंच्या पायात घुसला तर पू झाल्यावरच समजेल. शिवाय मातीला टेकलेल्या बाजूने उधई लागायला सुरुवात झाली होती.

त्या हिवाळ्यात मला अमरावतीला डीलरकडे जायचं होतं. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या पट्ट्या नव्याने आल्या होत्या, म्हणून काकाजींना गाडीत घेतलं. दुकान मोठं, आत एसी, एका कोपऱ्यात नमुन्याचा ओटा मांडलेला, त्यावर वेताच्या खुर्च्या. काकाजींनी चप्पल काढली. दुकानातला माणूस टाय घालून मागेमागे: उधई नाही, सल नाही, रंगवायचं नाही, धुतलं की झालं. आणि शेवटी लाइफटाइम गॅरंटी.

काकाजींनी पट्टीवरचा पाय काढला नाही. विचारलं, "कोनाची लाइफ धरली?"

तो हसला. "म्हणजे काका?"

"म्हंजे आमच्यावाली का तुमच्यावाली?"

त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने पुस्तक आणलं. काकाजी म्हणाले, पुस्तक नको, ही पट्टी बाहेर रस्त्यावर ठेवू द्या, आणि मे महिन्यात मी परत येतो. परतताना मूर्तिजापूरपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "गार हाय, ताई. पन एसीत गार हाय." हेही बरोबरच होतं. उन्हाळ्यात मी तीच पट्टी मागवून आमच्या दुकानाच्या पायरीवर ठेवली, आणि दुपारी त्यावर चहाचा ग्लास ठेवायलाही नको वाटलं.

मी स्वभावाने चिकाटीची नाही. गिऱ्हाईक तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने गेलं की मी त्याच्याकडे लक्ष देणं सोडते. काकाजींच्या बाबतीत सोडलं नाही ते काकूंमुळे. मी काकाजींना सरळ सांगितलं. उन्हात तापणार नाही, पावसात निसरडी होणार नाही, टोचणार नाही, फुगणार नाही, किडणार नाही अशी वस्तू माझ्याकडे नाही. अमरावतीत नाही, नागपुरात नाही. जे आहे त्यातलं बरं घ्या, आणि दार उघडा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पाहून राह्यलो ना."

आमच्याकडच्या या बोलीची एक गंमत आहे. पाहून राह्यलो, करून राह्यलो, येऊन राह्यलो. ऐकणाऱ्याला वाटतं काम चालू आहे. चालूच असतं. ते कधी संपेल याबद्दल त्यात काही नसतं.

काकू आता खिडकीत बसून असत. कुंड्यांतली शेवंती काकाजी निगुतीने जपत होते, फुलं तोडून आणून देत होते, पण काकूंनी गजरे करणं सोडलं होतं. फुलं ताटलीत तशीच सुकत. पाय वापरात नव्हता तर बारीक होत गेला. मुलगी अमरावतीला असते. ती आली की चिडायची, बापाला बोलायची, दोन दिवसांनी जायची. एकदा काकाजी बाजारात गेलेले पाहून काकूंनी मला फोन केला. म्हणाल्या, तुझी माणसं पाठव आणि विटांचा का असेना, ओटा बांधून दे. "यायले कापूस पायजे, मले पाय टेकायले जागा पायजे. तू पाठव. मी सांभाळून घेतो यायले."

मी पाठवलं. मिस्त्री चांगला होता, पण घाईत होता, कारण मीच घाई केली होती. काकाजी दुपारी परत आले तेव्हा विटांचे थर उंबऱ्याला लागले होते आणि वर सिमेंटचा हात फिरत होता. त्यांनी पिशवी खाली ठेवली, लोटाभर पाणी आणलं आणि ओट्यावर सोडलं. पाणी सावकाश दाराकडे आलं आणि दाराच्या फटीतून घरात गेलं. उतार उलटा पडला होता. पावसाळ्यात काकूंच्या पायाखाली पाणी साचलं असतं. मिस्त्री म्हणाला, वरून एक थर देऊन उतार फिरवतो. पण मग ओटा उंबऱ्याच्या वर गेला असता, म्हणजे पुन्हा ठेच. काकाजींनी हात जोडले आणि सगळं काढायला लावलं.

मी तिथेच होते. मी मिस्त्रीला थांबवलं नाही, कारण ते चुकत नव्हते. एकदाही चुकले नाहीत, हीच तर त्या माणसाची अडचण होती. काकूंनी विटा निघताना पाहिल्या. त्या दिवसानंतर त्या खिडकीशी बसल्या नाहीत. खुर्ची समोरच्या खोलीत टीव्हीकडे वळवून घेतली. ओट्याचा विषय मी काढला तर म्हणत, "जाऊ दे व, काय करतं." आणि आवाज वाढवत.

दुसरा लकवा होळीच्या सुमाराला आला. दवाखान्यातून घरी आणलं ते खाटेवरच. डॉक्टरांनी या वेळी चालण्याचं काही सांगितलं नाही. उठवून बसवा, कुशी बदला, एवढंच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काकाजी दुकानात आले. चप्पल काढली नाही. समोर स्टँडवर टाइल्स लावल्या होत्या, त्यातल्या एकीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे देऊन द्या."

ती न्हाणीघरात भिंतीला लावायची टाइल होती, गुळगुळीत, तिच्यावर निळे मासे.

मी म्हटलं, "काकाजी, हे भिंतीचं हाय. पाय ठेवला की सरकन."

"चालते."

"तुमी पाह्यलं तरी काय?"

"पाह्यलं. चांगलं हाय."

चांगलं हाय हे शब्द मी त्यांच्या तोंडून तोवर ऐकले नव्हते. अंगठे खिशात होते. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. ती टाइल विकली नाही. गोदामातून खरबरीत शहाबादी काढली, मिस्त्रीला बाजूला घेऊन उतार समजावला, आणि या वेळी पाणी मी सोडून पाहिलं. काम दोन दिवसांत झालं. उंबऱ्याच्या बरोबरीचा, खाट बाहेर आणता येईल एवढा, साधा ओटा. काकाजी त्या दोन दिवसांत आंगणात फिरकले नाहीत. मिस्त्रीने विचारलं की मान हलवायचे. कुलूप उघडायला तेल सोडावं लागलं.

त्याच आठवड्यात मुलगी दोघांना अमरावतीला घेऊन जायला आली. तिचंही बरोबर होतं. एकट्या म्हाताऱ्याच्याने ते होण्यासारखं नव्हतं. काकू तिकडेच वारल्या, पावसाळ्याच्या आधी. काकाजी मुलीकडेच राहिले. नंतर घर विकलं, तेव्हा कागदांवर सही करायलाही ते अकोल्यात आले नाहीत, जावई आला. नव्या मालकांनी ओट्यावर कपडे धुवायचं मशीन ठेवलं आहे. कुंड्या नाहीत. ओट्याची फरशी चांगली आहे असं ते सांगतात, त्यांना आणखी हवी आहे.

मी काकाजींना शेवटचं पाहिलं ते अमरावतीची गाडी यायच्या आदल्या दिवशी. काम कसं झालं ते पाहायला मी दुपारचीच गेले, कारण दुकान तेव्हा रिकामं असतं. बोळातून थेट मागच्या आंगणात आले. दार सताड उघडं होतं. काकूंची खाट आतून दाराशी लावली होती, मान उशीवर उंच केलेली. काकाजी ओट्यावर उभे होते, अनवाणी, दोन्ही पायांवर, काकूंकडे तोंड करून. चैत्र संपत आला होता आणि भिंतीची सावली ओट्यावरून पार निघून गेली होती.

काकूंचं बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. त्यांनी विचारलं, "अवो, भाजते काय?"

"नाई," काकाजी म्हणाले. "गार हाय."

"मंग उद्या येईन मी."

"ये."

काकूंचा डोळा लागेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. डाव्या पायाची बोटं फरशीवर आखडून धरली होती. मी चप्पल घालून उभी होते, तरी खालून धग लागत होती.